प्लास्टरात पुरलेला फोन

"लिही," भावोजी म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "नजर ससाण्याची. कान हरणाचे. पावलं मांजराची."

मेहुण्याने लिहून घेतलं. "माणसाचं काय घ्यायचं?"

"ते शेवटी. पुढे लिही. बुद्धी…" बुद्धीसाठी योग्य प्राणी शोधत भावोजी छताकडे बघत राहिले. छतावर एक पाल होती. तिचा नीट विचार करून त्यांनी तिला नापास केलं. "बुद्धी स्वतःची," ते म्हणाले.

हा मजकूर दारावरच्या नव्या पाटीसाठी होता. जुन्या पाटीवर 'गुप्तहेर' एवढा एकच शब्द होता, पण अक्षरं अशी की रस्त्याच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही इथे काहीतरी गुप्त चालतं हे कळावं. त्या पाटीत आपलं व्यक्तिमत्त्व येत नाही, अशी भावोजींची तक्रार होती. येत नाही तेच बरं, असं ताईचं मत होतं. ताई म्हणजे भावोजींची बायको आणि मेहुण्याची सख्खी बहीण. तिच्याकडे चार दिवस राहायला म्हणून मेहुणा आला होता, त्याला आता दोन वर्षं होत आली. आधी तो पाहुणा होता, मग घरचा झाला, आणि एकदा भावोजींना पायरीवरचा ठसा बघताना भिंग धरायला माणूस हवा होता तेव्हापासून सहाय्यक झाला. ठसा दुधाच्या पिशवीचा निघाला, पण नेमणूक कायम राहिली.

भावोजींच्या नावावर आजवर एक मोठं यश होतं. त्यांनी हरवलेली छत्री शोधून काढली होती. छत्री त्यांचीच होती, आणि सापडली तेव्हा ती उघडून ते तिच्याखालीच उभे होते. पण छत्री सापडली, हे कुणालाही नाकारता येत नव्हतं.

"आणि हे ठळक घे," भावोजी म्हणाले. "एकाग्रता. अखंड."

कोपऱ्यात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. तो घूंऽऽ करून थरथरला आणि फळ्यांच्या जमिनीवर वीतभर सरकला. दोघांपैकी कुणीही वळून बघितलं नाही.

त्या डब्याची हकिगत अशी. मागच्या महिन्यात भावोजी एका संशयिताच्या पाठलागावर होते आणि पाठलाग करता करता फोनमध्ये बघत होते. मधल्या कुठल्यातरी वळणावर संशयित बदलला. भावोजी भलत्याच माणसामागोमाग केस कापायच्या दुकानात शिरले, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि अर्ध्या तासाने मान वर केली तेव्हा त्यांच्या मिश्या गेल्या होत्या. घरी आल्यावर ताईने त्यांना ओळखलं, पण दार उघडायच्या आधी जरा विचार केला. दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला. सकाळी दोघांनी आपापले फोन त्यात टाकायचे, संध्याकाळी काढायचे. डबा वाजला आणि जो वळला, त्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची.

"फोन बंद करून टाका म्हणजे झालं," ताई म्हणाली होती.

"बंद फोनवर विजय मिळवण्यात कसला पराक्रम?" भावोजी म्हणाले होते. "शत्रू जागा पाहिजे. श्वास घेत असला पाहिजे. आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो पाहिजे."

पहिल्या आठवड्यात दोघांनी इतकी भांडी घासली की एका पातेल्याचा तळ पातळ झाला. मग हळूहळू जमू लागलं. आता तर तयारी अशी झाली होती की डबा वाजतो हेच त्यांना ऐकू येत नसे. भावोजी याला साधना म्हणत. त्यामुळे दिवसभरात एकही अशिलाचा फोन घेता येत नसे. पण अशीलच नसल्यामुळे कुणाची गैरसोय होत नव्हती.

आणि त्या सकाळी अशील आलं. जिना चढून, धापा टाकत, अंगभर पांढरी पूड. दारात उभं राहून ते आधी शिंकलं.

"पिठाची गिरणी," भावोजी मेहुण्याच्या कानात म्हणाले. "पूड बघ. हातावर, भुवयांवर. मालक, नाहीतर गिऱ्हाईक."

"भावोजी, हे खालच्या मजल्यावरचे कवळीकाका आहेत. आपण यांना रोज बघतो."

"बघणं वेगळं आणि ओळखणं वेगळं," भावोजी म्हणाले. "बसा, काका. पीठ कसं चाललंय?"

"प्लास्टर आहे ते," कवळीकाका म्हणाले. खोट्या दातांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा, आणि दुकान बरोबर या खोलीखाली. ते खुर्चीच्या टोकावर बसले. "माझा फोन मेला आहे. मी त्याला माझ्या हाताने पुरला. आणि तो अजून वाजतोय."

भावोजींनी डोळे मिटले. इतकी चांगली केस आपल्या वाट्याला येईल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

*

कवळीकाकांच्या दुकानात शिरलं की समोरच्या काचेच्या कपाटातून सगळ्या कवळ्या एकदम हसत. नवख्या माणसाला आपला शर्ट उलटा आहे की काय असं वाटे. टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, पातळ पात्याचा चाकू, आणि दातांचे वेगवेगळे खण. आणि मधोमध, पाव किलो लोण्याच्या लादीएवढा प्लास्टरचा एक ठोकळा.

"यात आहे," काका म्हणाले. "आधी बंद केला. मग साच्यात ठेवला आणि वरून प्लास्टर ओतलं."

"पण का?" मेहुण्याने विचारलं.

दाराजवळच्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसलेल्या एका वयस्कर बाईंकडे काकांनी बोट दाखवलं. बाईंनी तोंडापुढे रुमाल धरला होता. "या बाई. रेडिओवर बातम्या वाचायच्या. पंचवीस-तीस वर्षं वाचल्या. केंद्राच्या वाढदिवसाला जुन्या लोकांना बोलावलंय, एकेक बातमीपत्र वाचायला. यांचं शनिवारी संध्याकाळी. तर यांना नवी कवळी पाहिजे, आणि मी ती केली." काकांनी कपाटातून एक कवळी काढून टेबलावर ठेवली. ती चांगली होती, फक्त जरा जास्तच आनंदी दिसत होती.

"एक दात जास्त बसवला मी," काका खालच्या आवाजात म्हणाले. "बसवताना फोनमध्ये बघत होतो. एक माणूस आहे, तो मळके गालिचे धुतो. आधी पाणी मारतो, मग साबण, मग घासतो. तो गालिचा झाला की दुसरा गालिचा."

"मग पुढे काय होतं?" भावोजींनी खुर्ची पुढे ओढली.

"पुढे दात एक जास्त होतो."

बाईंनी रुमाल किंचित खाली केला. दात नव्हते तरी प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा बाहेर आला. "ती घालून तोंड मिटत नाही. सतत हसू. बातमी कशाचीही असो."

"पण बाई, रेडिओवर ते कुणाला दिसणार?" मेहुणा म्हणाला.

"ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "हसत वाचलेली बातमी ऐकू येते."

काकांनी ती आनंदी कवळी उचलून कपाटात परत ठेवली.

"म्हणून पुरला," काका म्हणाले. "म्हटलं, दुसरी कवळी होईपर्यंत फोन नाही. पहिला दिवस बरा गेला. मग दात हातात घेतला, मेणाजवळ नेला, की घूंऽऽ. हात थांबतो. वाटतं कुणाचा तरी निरोप आलाय. बघायला जावं तर हा ठोकळा. पुन्हा बसतो, पुन्हा घूंऽऽ. आज मंगळवार. शुक्रवारी दुपारपर्यंत दात मेणात बसले नाहीत तर पुढे कवळी शिजवून पक्की करायला, घासायला वेळ उरत नाही. आणि या वेळी चुकलो ना, तर मी दुकानच बंद करणार आहे. हात गेला की माणूस कवळी बनवणारा राहत नाही, नुसता वापरणारा होतो."

भावोजी उठले. ठोकळ्याला कान लावला. वास घेतला. मग जिभेचं टोक लावलं, ते चिकटलं, आणि पुढचा तपास काही काळ त्यांनी वाकूनच केला.

"ठोकळा ताब्यात घेतो," जीभ सुटल्यावर ते म्हणाले. "आणि काका, एक काम काटेकोर करायचं. आवाज आला की त्या क्षणी मला फोन करायचा. दुकानात तारेचा जुना फोन आहे ना? तोच उचलायचा आणि माझा नंबर फिरवायचा."

"तसा केला होता काल. तुम्ही उचलत नाही."

"उचलणार नाहीच. मी एकाग्र असतो," भावोजी म्हणाले. "पण तुम्ही करत राहा."

*

ठोकळा वर आला आणि भावोजींच्या टेबलावर बसला. दुपारी काका पुन्हा धापा टाकत वर आले. आवाज चालूच होता. उलट वाढला होता. एकदा वाजला म्हणून त्यांनी सांगितल्याप्रमाणे फोन केला, तर लगेच दुसऱ्यांदा वाजला. म्हणून पुन्हा केला, तर पुन्हा वाजला. करून करून बोट दुखायला लागलं.

भावोजी खोलीत फेऱ्या मारू लागले. वाटेत डबा आला, त्याला त्यांनी न बघता वळसा घातला. "म्हणजे फोन वर आला, पण आवाज खालीच राहिला. मेहुणे, लक्षात येतंय का? घाईघाईत पुरलेल्या फोनचा आवाज त्या जागेत अडकतो."

"असं होतं?"

"आजवर झालेलं नाही. म्हणून तर केस आहे."

बुधवारी हा सिद्धांत मागे घेण्यात आला, कारण भावोजींना दुसरा सुचला. दुकानाच्या भिंतीपलीकडे शिवणकाकूंचं शिलाईचं दुकान होतं. मशीन म्हणजे मोटार, मोटार म्हणजे घूं. भावोजी आणि मेहुणा विखुरलेल्या धाग्यांतून वाट काढत आत गेले. मशीन पायाने चालवायचं होतं. त्याला मोटार नव्हती.

"मोटार कुठे लपवली?" भावोजींनी विचारलं.

"माझ्या पायात," शिवणकाकू म्हणाल्या. "काय पाहिजे तुम्हाला? माप द्यायचं असेल तर पोट आत घेऊ नका, नंतर भांडणं होतात."

तेवढ्यात मेहुण्याला मशीनवरच्या कापडाखाली उजेड दिसला. कापड उचललं तर खाली फोन, आणि फोनवर कुठल्यातरी सासूने कुठल्यातरी सुनेकडे बघणं चालू होतं. शिवणकाकू वरमल्या. मग त्यांनी नुकताच शिवलेला झगा दाखवला. एक बाही गळ्याच्या जागी गेली होती. "दोन भागांच्या मध्ये झालं," त्या म्हणाल्या. "न्या तो फोन, पुरावा म्हणून. शनिवारपर्यंत देऊच नका. मी मागितला तरी देऊ नका."

जप्त केलेला फोन डब्यात गेला.

गुरुवारी पाळी आली नळवाल्याची. पाण्याचा नळ अर्धवट उघडा राहिला की पाइप घुमतो, हे भावोजींनी कुठेतरी ऐकलं होतं. नळवाला जिन्याखाली बसून फोनवर एका मांजराला पियानो वाजवताना बघत होता, आणि त्याच्या मागे त्याने सकाळी दुरुस्त केलेला नळ आरामात गळत होता.

"हा तूच घुमवतोस," भावोजी म्हणाले.

"मी नाही घुमवत, साहेब. मी गळवतो," नळवाला प्रामाणिकपणे म्हणाला. त्याचाही फोन डब्यात गेला.

आता खाली कवळीकाकांच्या डोक्यावर सगळं छत गुणगुणू लागलं. शिवणकाकूंची बहीण रोज अकराला फोन करायची, तेव्हा एक घूं. नळवाल्याची गिऱ्हाइकं दिवसभर, कारण सगळ्यांचेच नळ गळत होते. मेहुण्याला त्याचा मित्र दर तासाला विनोद पाठवायचा. आणि या सगळ्यांवर काका स्वतः, भावोजींना आवाजाची खबर देण्यासाठी. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी एक सुळा उलटा बसवला. तो उपटून पुन्हा बसवताना मेणाची अख्खी पट्टी वाकडी झाली. बाई तोंडापुढे रुमाल धरून बघत होत्या.  काकांनी दिवा विझवला आणि हात मांडीखाली घेऊन बसून राहिले.

मेहुणा तिथेच होता. वर आल्यावर त्याला पहिल्यांदाच या केसची काळजी वाटली.

"भावोजी, उद्याचा अर्धा दिवस उरलाय. खरंच कोण असेल?"

"उद्या सकाळी सगळ्यांना दुकानात बोलाव," भावोजी म्हणाले. "मला कळलेलं आहे."

"कोण?"

"ते मला उद्या बोलता बोलता कळेल."

*

शुक्रवारी सकाळी दुकानात दाटीवाटी झाली. काका टेबलाशी, समोर मेणाची कोरी पट्टी. शिवणकाकू पोत्यावर, नळवाला दाराला टेकून, बाई आपल्या खुर्चीत. छत घुमत होतं. भावोजींनी कोट घातला होता. तो हिवाळ्याचा असल्यामुळे ते घामाने निथळत होते.

"गुन्हेगार," भावोजींनी सुरुवात केली, "याच खोलीत आहे." मग खिसे चाचपले. "मेहुणे, भिंग वर राहिलं. घेऊन ये. तोवर मी वातावरण तयार करतो."

मेहुणा वर आला. ताई झाडत होती. भिंग टेबलावर ठोकळ्याशेजारी होतं. ते घेऊन तो वळणार तोच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोली जरा जास्तच शांत होती. म्हणजे ती आजपर्यंत शांत नव्हती की काय?

"डबा कुठे गेला, ताई?"

"तो काय, सोफ्यावर. झाडायचं कसं मग? तो जमिनीवर असला की चालतो. सकाळी कोपऱ्यात ठेवावा तर दुपारी दारात. परवा उंबऱ्यापाशी होता, मला वाटलं आता जिना उतरतोय." ताईने सोफ्याखाली झाडू घातला. "झाडताना रोज वर ठेवते आणि परत कोपऱ्यात ठेवते. जनावर पाळल्यासारखं झालंय."

डबा सोफ्याच्या गादीवर होता. आत काहीतरी मिणमिणत होतं, डब्याचं झाकण बारीक थरथरत होतं, पण आवाज जवळजवळ नव्हता. मेहुणा त्याच्याकडे बघत उभा राहिला. बघताना त्याला आधी भांड्यांची भीती वाटली आणि मग दुसरंच काहीतरी वाटलं.

त्याने डबा उचलला आणि जमिनीवर ठेवला. घूंऽऽऽ. पायाखालच्या फळ्या तळव्यांना गुदगुल्या करू लागल्या. खालून गलका ऐकू आला. त्याने डबा पुन्हा गादीवर ठेवला. खालचा गलका थांबला. त्याने पुन्हा खाली ठेवला. पुन्हा वर.

"छोट्या, काय खेळतोयस?" ताईने झाडू थांबवला.

मेहुण्याने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. मंगळवारपासून चाललेली केस एका वाक्यात मावली.

ताई कमरेवर हात ठेवून डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या बिचाऱ्याने आवाजाची तक्रार करायला फोन केला की…"

"आवाज."

"आणि पुन्हा आवाज आला म्हणून…"

"पुन्हा फोन. भावोजींनी सांगितलं होतं तसं करायला."

"आणि तुम्ही दोघं त्याच्या शेजारी बसून होतात."

"वळायचं नव्हतं ना, ताई. भांडी…"

"राहू दे तो गादीवर. जा आणि सांग त्यांना," ताई म्हणाली. "आणि तुझ्या भावोजींना जरा बेताने सांग. कोटात आहेत ते."

*

खाली चित्र बदललं होतं. भावोजींचा चेहरा उजळला होता.

"ये, ये. तुझ्यामागे इथे इतिहास घडला," ते म्हणाले. "मी या बाईंकडे बोट केलं. आयुष्यभर आवाजाचा धंदा, आवाजाशी संगनमत असणारच. बोट केलं आणि आवाज बंद. बोट खाली घेतलं, आवाज सुरू. मग नळवाल्याकडे केलं, पुन्हा बंद. म्हणजे दोघंही यात आहेत."

"मी कबूल करून टाकलंय," नळवाला म्हणाला. "म्हटलं, इतकं सगळं जुळतंय तर मीच असेन."

"मी आधी नाही म्हटलं," शिवणकाकू म्हणाल्या, "पण यांनी माझ्याकडे बोट केलं तेव्हाही बंद झाला. आता मलाच माझा भरवसा वाटेना."

बाईंनी रुमाल खाली केला. "मी कबूल केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नोंद असू द्या."

मेहुण्याने भावोजींना दाराबाहेर नेलं आणि कानात सांगितलं. भावोजींनी ऐकलं. त्यांच्या मानेवरून घामाचा एक थेंब कोटात उतरला. मग ते आत आले, हात पाठीमागे बांधले आणि कपाटातल्या कवळ्यांकडे तोंड करून उभे राहिले, कारण निदान त्या प्रश्न विचारणार नव्हत्या.

"गुन्हेगार वरच्या मजल्यावर होता," ते म्हणाले. "माझ्याच खोलीत. बिस्किटांच्या डब्यात. तुमचे फोन, माझा फोन, सगळे. मी महिनाभर त्याच्यावर पाळत ठेवून होतो. आणि पाळत अशी, की मी एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही."

 नळवाल्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद नव्हता. कबुलीजबाब वाया गेल्याची रुखरुख होती.

"म्हणजे," कवळीकाका सावकाश म्हणाले, "मला त्रास देत होतो तो मीच."

"निम्मा," भावोजी उदारपणे म्हणाले.

काकांनी यावर थोडा विचार केला. चिडायचं की हसायचं हे त्यांच्या तोंडावर दोनदा आलं आणि गेलं. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि दिवा पेटवला. "चिडेन नंतर," ते म्हणाले. "आता वेळ नाही."

"एक स्पष्टीकरण मात्र द्यायला हवं," भावोजी म्हणाले. "पत्र्याचे गुणधर्म…"

"बसा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण भावोजी प्लास्टरच्या दुसऱ्या पोत्यावर बसले, आणि शिवणकाकू, नळवाला, सगळेच होते तिथे गप्प झाले.

काकांनी मेणाची पट्टी ज्योतीवर धरली. ती हळूहळू मऊ झाली. त्यांनी ती साच्यावर वाकवली, अंगठ्याने दाबली, खणातून पुढचा एक दात उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि बसवला. मग चाकूचं पातं गरम करून कडेने मेण फिरवलं. दुसरा दात. तो जरा पुढे आला होता, म्हणून काढला, पुन्हा बसवला. बाईंच्या तोंडाकडे बघितलं, दाताकडे बघितलं, केसभर तिरका केला. आता तो कुणाच्यातरी तोंडातला वाटू लागला.

मेहुणा हे बघत होता. बघता बघता त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता, आणि हात तिथेच विसरून राहिला. पुढचा दात कुठला असेल हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मांजराच्या पियानोपेक्षा किंवा मित्राच्या विनोदांपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. शेवटची दाढ बसली तेव्हा ऊन टेबलावरून उतरून त्याच्या पायाशी आलं होतं, आणि त्याला आपले पाय बधिर झाल्याचं तेव्हा कळलं. नळवाला कधीतरी उठून गेला होता. जिन्याखालचा नळ गळायचा थांबला होता.

काकांनी दात मोजले. मग बाईंनी मोजले. मग भावोजींनी मोजले, पण त्यांचा आकडा कुणी धरला नाही.

*

शनिवारी संध्याकाळी सगळे भावोजींच्या खोलीत जमले, कारण जुना रेडिओ त्यांच्याकडेच होता. डबा सोफ्याच्या गादीवर होता. फोन न्यायला म्हणून आलेल्यांपैकी कुणीच अजून फोन काढला नव्हता. बातमीपत्र झाल्यावर बघू, असं सगळ्यांचं ठरलं होतं. काकांनी आपला ठोकळाही परत नेला नव्हता. तो आता भावोजींच्या दाराला टेकू म्हणून लावला होता, आणि दार पहिल्यांदाच नीट उघडं राहत होतं.

काकांनी येताना भावोजींसाठी भेट आणली होती. जास्तीचा दात असलेली ती पहिली कवळी. "तुमच्या तपासाची आठवण," ते म्हणाले. त्यात टोमणा किती होता हे भावोजींना कळलं नाही, त्यामुळे त्यांनी तो सगळा कौतुक म्हणून घेतला आणि कवळी डब्याच्या झाकणावर मानाने ठेवली.

मग रेडिओत खरखर झाली आणि बाईंचा आवाज आला.

पहिल्या बातमीला काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. दुसरी बातमी वाईट होती. कुठेतरी पूल पडला होता. बाई ती वाचू लागल्या, आणि काका डोळे मिटून, मान तिरकी करून प्रत्येक शब्दाचं टोक तपासत होते. कुठेही शिट्टी नव्हती. कुठेही हसू नव्हतं. जिथे थांबायचं तिथे आवाज थांबत होता, आणि ओठ नीट मिटत असल्याशिवाय असं थांबता येत नाही, हे त्या खोलीत आता सगळ्यांना माहीत होतं. बातमी संपली तेव्हा काकांनी खुर्चीचा हात सोडला आणि पांढऱ्या बाहीने डोळे पुसले. प्लास्टर डोळ्यांत गेलं म्हणाले.

मग खेळ, मग हवामान. मग बाईंनी आपलं नाव सांगून निरोप घेतला, आणि बराच वेळ कुणी रेडिओ बंद केला नाही.

शेवटी भावोजी उभे राहिले. छाती पुढे आली होती.

"मंडळी, आज एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसेल," ते म्हणाले. "बातमीपत्र चालू असताना हा डबा तीनदा थरथरला. वरची कवळी तीनही वेळा कडकड वाजली. दुसऱ्या वेळी तर जबडा अर्धा वळला. आणि मी एकदाही तिकडे बघितलं नाही."

शिवणकाकूंनी नळवाल्याकडे बघितलं. नळवाल्याने काकांकडे.

"वाजला होता?" मेहुण्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

ताई उठली. तिने आत जाऊन भांडी मोरीत ठेवली आणि घासणी वर ठेवली. भावोजींनी आत डोकावून घासणी पाहिली. मग त्यांनी कोट काढला, तो मेहुण्याच्या हातात दिला आणि बाह्या वर सारत आत गेले.